दहा वर्षांची कवेलू

पळसटोल्यातली जुनी माणसं साल आकड्यांनी सांगत नाहीत. कुणी पटकीचं साल म्हणतं, कुणी धानावर तुडतुडा बसला ते साल म्हणतं. जमुनाबाई कुंभारणीचं एकच साल आहे, शाळेच्या कवेलूचं, म्हणजे छपराच्या कौलांचं. कागदावर ते दोन हजार चार आहे. पण कागदाशी तिचा संबंध आला तो त्या एकाच उन्हाळ्यात, आणि तेवढा सात जन्मांना पुरला, असं ती अजून हसत सांगते.

चोरखमाऱ्याच्या कालव्याखालचं हे गाव. जमीनजुमला पोवारांचा, धानाच्या बांध्या त्यांच्या, आणि गावाच्या टोकाला गावतळ्याच्या, बोडीच्या काठी कुंभाराचं एकुलतं घर. त्या घरात छोटेलाल चाकावर बसायचा आणि बाकीचं सगळं जमुनाबाई करायची. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, ही रीत. माती खणायला, वाहायला, तुडवायला, वाळवायला आणि बाजारात डोक्यावर न्यायला मात्र कोणत्याही रीतीची आडकाठी नव्हती! त्या बदल्यात बाईला एक मान होता. कवेलू ओलं असताना त्याच्या पाठीवर घरची खूण उमटवायची, ती तिनंच. छोटेलालच्या घरची खूण तीन बोटांची. जमुनाबाई सतराव्या वर्षी सून म्हणून आली, त्या उन्हाळ्यात शाळेची दुसरी खोली बांधली जात होती. सासूनं तिचं मनगट धरून ओल्या मातीवर तिची तीन बोटं दाबली आणि म्हटलं, "आता तू या घरची झाली." मांडवातल्या फेऱ्यांपेक्षा तिला तेच जास्त खरं वाटलं होतं.

शाळेवरची ती कवेलू पंचवीस वर्षं टिकली. दर वैशाखात छोटेलाल शाळेवर चढायचा, फुटकी काढायचा, सरकलेली नीट बसवायचा. याला कवेलू फेरणं म्हणतात. पोरं खाली उभी राहून वर पाहायची, आणि छोटेलालला तेवढे दोन दिवस आपण गावापेक्षा उंच असल्यासारखं वाटायचं.

दोन हजार चारच्या चैत्रात वावधन आलं. वाऱ्यानं शाळेचं अर्धं छप्पर उचलून बांधीत फेकलं. छपराची लाकडं, मयाल आणि फाटे, शाबूत राहिली, कवेलूंचा चुरा झाला.

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आधी सरपंच गिरजाबाई कुंभाराच्या अंगणात आल्या. तीस एकरांची मालकीण. राखीव जागेवर निवडून आल्या तेव्हा लोक म्हणाले होते, कारभार नवराच करेल. नवरा म्हणजे जीवनलाल. पहिल्याच बैठकीला तो सोबत आला, तर गिरजाबाईंनी त्याला सगळ्यांसमोर म्हशीला पाणी पाजायला घरी धाडलं. ते प्रकरण तिथंच मिटलं.

"छोटेलाल, शारेले कवेलू पायजेत," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "दुरुस्तीचा निधी शाळा समितीकडं आला हाय. किती दिस लागतीन?"

"टीन टाका ना जी," छोटेलाल खाली पाहून म्हणाला. "सारे तेच टाकून राहिले."

"अंगनवाडीवर टाकलं ना टीन. दहा वाजले का पोट्टे निंबाखाली. मागच्या चैतात दोघांच्या नाकातून रगत आलं. मी नाई टाकत टीन."

छोटेलाल नखानं अंगणातली माती उकरत राहिला. तीन वर्षांत त्याच्याकडे कुणी कवेलू मागितली नव्हती. माठ, पणत्या, पोळ्याचे नंदी यावर घर चाललं होतं. एकुलता मुलगा हेमेंद्र गोंदियाजवळ कुडव्याला पत्र्यांच्या दुकानात कामाला होता. दुकानाच्या सेठला गोदामावर चौकीदार हवा होता, राहायला खोली देत होता. छोटेलालनं होकार कळवून टाकला होता.

"आखाडी झाली का आमी कुडव्याले जाऊन राहिलो," तो हळूच म्हणाला.

कुडव्याचं नावही जमुनाबाईला नको होतं. पत्र्याच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या पत्र्यांची राखण करायची, आणि इथं बोडीची माती बोडीत राहायची! ती मातीचं टोपलं खाली ठेवून पुढं आली.

"किती पायजेत ते सांगा, सरपंचीनबाई. माती मी आनतो."

गिरजाबाई गेल्यावर छोटेलाल भडकला. "काऊन बोलली तू मंधात?"

"तुमी बोलत नवते म्हनून."

त्यालाही ठाऊक होतं, ती काय करून बसली ते. शाळेवर कवेलू आली, तर दर वैशाखात ती फेरायला कुंभार गावात हवा. मग कुडवा टळला. कवेलू आली नाहीत, तर आषाढातल्या आखाडीच्या सणानंतर घराला कुलूप. एवढं सगळं त्या एका छपरावर येऊन बसलं.

माती कागदाची वाट पाहत नाही. बोडी आटते वैशाखात, आणि कच्ची कवेलू मृगाच्या आत भाजून निघाली नाहीत तर पहिल्या सरीत त्यांचा पुन्हा चिखल. म्हणून दुसऱ्याच दिवशी दोघं कामाला लागली. जमुनाबाई बोडीच्या भेगाळलेल्या तळातून काळी माती लोखंडी सबलीनं उचकटायची. ढेकळं फोडायची, चाळायची, त्यात रेती आणि राख घालून पायानं तुडवायची. दुपारपर्यंत पिंढऱ्या दगडासारख्या व्हायच्या. छोटेलाल चाकावर एका टोकाला निमुळती अशी लांब नळी उचलायचा आणि दोऱ्यानं कापून तिच्या हातात द्यायचा. नळी जरा सुकली की ती बांबूच्या कांबीनं दोन्ही बाजूंनी उभी चीर द्यायची. पूर्ण वाळल्यावर हलकी थाप दिली की एका नळीची दोन कवेलू. प्रत्येकावर ओलेपणीच उमटवलेली तीन बोटं. तीन वर्षांनी छोटेलालचा हात पहिल्या दिवशी अडखळला, दुसऱ्या दिवशी तो गुणगुणायला लागला. त्याच्या छातीत मधून मधून खोकला उठायचा, पण त्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

अंगण नळ्यांनी भरत होतं तेव्हा शाळेचे हेडमास्तर शालीकराम गुरुजी निरोप घेऊन आले. तालुक्याच्या ऑफिसात बोलावलं होतं, निधी खर्चायला तिथली मंजुरी लागत होती. छोटेलाल साहेबलोकांपुढे मुका व्हायचा, म्हणून जमुनाबाईही निघाली.

लेखा शाखेत केशोराव बाबू बसत. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, टेबलावरचा प्रत्येक कागद खाली विंचू असल्यासारखा उचलून बघणारा माणूस. गिरजाबाईंना आणि गुरुजींना खुर्ची मिळाली. कुंभार नवराबायको दाराशी जमिनीवर टेकली. छोटेलालच्या पायांची वाळलेली माती फरशीवर गळत होती. तो बसलेला असतानाच शिपायानं झाडू आणून ती झाडली, आणि छोटेलालनं पाय आणखी आखडून घेतले.

"कवेलू?" केशोरावांनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, टीनाचा दर आहे माझ्याकडे. सिमेंटच्या पत्र्याचा आहे. कवेलूचा दर पुस्तकातून कधीच गेला."

"पुस्तकात नाई म्हनजे बंदी हाय काय?" गिरजाबाईंनी विचारलं.

"बंदी आहे असं कुठं लिहिलेलं नाही."

"मंग परवानगी हाय."

"तसंही कुठं लिहिलेलं नाही. देखो मॅडम, बंदी असती तर मी हसत नाही म्हटलं असतं. परवानगी असती तर हसत सही केली असती. हे मधलंच काहीतरी आहे, आणि नोकरीत माणूस मरतो तो मधल्यातच." त्यांनी चष्मा पुसला. "एकदा मी एका शाळेसाठी गावच्या सुताराकडून बाकं घेतली होती. सागाची. आजही शाबूत आहेत. पण ऑडिटवाल्यानं विचारलं, बाजारात लोखंडाची स्वस्त असताना ही कोणत्या नियमानं घेतली? मला उत्तर देता आलं नाही. दोन वेतनवाढी गेल्या, वर साहेबांसमोर कान धरून उभं राहिल्यासारखं झालं ते वेगळंच."

माणूस वाईट नव्हता. पोळलेला होता. शेवटी त्यांनीच वाट सांगितली. कवेलू करणाऱ्या तिघांकडून लेखी भाव आणा, तीन कोटेशनं. सगळ्यात कमी भाव ज्याचा, त्याला काम.

गुरुजींनी दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि छोटेलाल त्या घेऊन सायकलनं निघाला. आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हती आणि छोटेलालला सांगण्याइतकी मोठी वाटली नव्हती. त्या भागातल्या कुंभारांनी आजे-पणज्यांच्या काळापासून गावं वाटून घेतलेली. ज्याचं गाव त्याचाच माठ, त्याचंच कवेलू. दुसऱ्याच्या गावात भाव सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवणं.

पलीकडच्या गावचा उदाराम चिठ्ठी ऐकून रागानं लाल झाला. "तुह्या गावचा भाव मी देऊ? माह्या बापानं कदी देल्ला नाई!" मग त्यानं छोटेलालला भात-वरण जेवू घातलं आणि सुनेकडून कागदावर लिहून दिलं: पळसटोला हे छोटेलालचं गाव आहे, आम्ही तिथं भाव देत नाही. त्याच्या पुढच्या गावच्या चैतरामनं तेच लिहवून घेऊन खाली अंगठा केला. छोटेलाल छाती काढून परतला. इतका पक्का कागद त्याच्या खानदानात कुणाला मिळाला नव्हता.

गुरुजींनी दोन्ही कागद वाचले आणि डोक्याला हात लावला. "छोटेलाल, भाव कुठं हाय यात?"

"भाव कायले पायजे, गुरुजी? लिवून देल्लं ना दोघानं, का गाव माहं हाय!"

पुन्हा चौघं ऑफिसात गेली, आणि तिथं ते कागद टेबलावरून टेबलावर फिरले. "तिघं आधीच मिळालेले दिसतात," एक बाबू मोठ्यानं म्हणाला आणि सगळे हसले. केशोराव हसले नाहीत. ते दबक्या आवाजात गुरुजींना म्हणाले, "हे फाईलला लावलं तर ऑडिटवाला याला संगनमत म्हणेल. चोरी म्हणेल सरळ."

चोरी हा शब्द छोटेलालला कळला. ज्या गोष्टीचा त्याला आयुष्यभर अभिमान होता, तिलाच लोक चोरी म्हणत होते. तो उठला आणि बाहेर जाऊन चिंचेखाली बसला. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, "हेमेंद्रले निरोप धाड. येतो म्हन."

घरी अंगणात तीन हजार कच्ची कवेलू वाळत पडली होती. जमुनाबाई दारातून हलली नाही.

"बाबूजी, एक पुसू काय?"

केशोरावांनी मान वर केली. बाई बोलेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

"गिऱ्हाईक माह्या अंगनात येते, म्हनते, माठ दे. मी पयले भाव नाई सांगत. पुसतो, पानी ठेवाचं हाय का लोनचं घालाचं? पान्याचा माठ पाझरला पायजे. लोनच्याचा पाझरला तर लोनचं गेलं. माती तेच, पन काम येगळं. तुमी आमाले पुसलं, कवेलूचा भाव कोन देते. शारेले छप्पर कसं पायजे, हे तर कोनी पुसलंच नाई."

बाजूचा बाबू पुन्हा हसणार होता, पण केशोरावांनी हात वर केला. त्यांनी मागच्या कपाटातून खरेदीच्या नियमांचं जाडं पुस्तक काढलं. शेवटच्या पानांवर दर असायचे, ती पानं बोटांनी काळी पडली होती. त्यांनी पहिली पानं उलटली. ती कोरी करकरीत होती. बराच वेळ ते ओठांतल्या ओठांत वाचत राहिले.

"गुरुजी, लिहा," ते एकदम म्हणाले. "आधी गरज लिहायची, असं आहे इथं. वस्तूचं नाव लिहायचं नाही, दुकानाचं लिहायचं नाही. काम काय, गुण काय, तेवढं खरेदी करणाऱ्यानं ठरवायचं. आपण कवेलू हे नाव लिहिलं तिथंच फसलो. मी तीस वर्षं शेवटचं पानच वाचत आलो की हो!"

मग त्या टेबलाशी चार डोकी जमली. वैशाखात भर दुपारी पंख्याशिवाय पोरांना छपराखाली बसता आलं पाहिजे, हे गिरजाबाईंनी सांगितलं. जुने मयाल आणि फाटे तेच वापरता आले पाहिजेत, हे गुरुजींनी. मोडतोड झाली तर मातीत मिळून जावी, बोडीत कचरा होऊ नये, हे जमुनाबाईनं. फुटलेला भाग दोन दिवसांत गावातच बदलून मिळाला पाहिजे, हे केशोरावांनी स्वतः घातलं.

"पण किती वर्षं?" त्यांनी विचारलं. "आकडा लागेल."

गुरुजी छोटेलालला चिंचेखालून घेऊन आले. त्यानं सगळं उभ्यानं ऐकलं. बराच खोकला, आणि म्हणाला, "दहा."

जमुनाबाईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"आता कवेलूवाला येवो, टीनवाला येवो, सिमेंटवाला येवो," केशोराव म्हणाले. "हे ज्याला जमेल त्यानं भाव द्यावा. कुंभारांचे कागदही लावा, विचारलं होतं याचा पुरावा म्हणून. पण तिघांनी खरंच भाव दिला पाहिजे. एकटा छोटेलाल आला, तर मी पुन्हा मधल्यातच."

तालुक्याच्या सिमेंट पत्रेवाल्यानं दोन दिवसांत लिफाफा दिला. टीनासाठी जवळचं मोठं दुकान कुडव्याचं, आणि त्या दुकानात भाव काढून लिहायचं काम हेमेंद्रचं. आठ दिवस झाले तरी तिकडून उत्तर नाही. गुरुजींनी फोन लावला, तर हेमेंद्र म्हणाला, "गुरुजी, ते बाबाचं गाव हाय. मी तिथं भाव कसा देऊ?"

ऐकून जमुनाबाईला हसावं की रडावं कळेना. पोरगं शहरात गेलं, पँट घालायला लागलं, सेठशी हिंदीत बोलायला लागलं, आणि बापाची रीत पाळली ती नेमकी या घडीला!

दुसऱ्या दिवशी नवराबायको एसटीनं कुडव्याला गेली. दुकानापुढं पत्र्यांची चळत उन्हात रचलेली होती, जवळून जाताना भट्टीजवळून गेल्यासारखी झळ लागली. हेमेंद्रनं आईबापाला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.

"भाव दे," छोटेलाल पाणी न पिताच म्हणाला.

"बाबा, तुमीच शिकवलं ना. दुसऱ्याच्या गावात भाव देऊ नये."

"ते कुंभाराले शिकवलं. तू कुठं कुंभार रायला आता?"

हेमेंद्रचा चेहरा पडला. छोटेलाललाही आपलं बोलणं लागलं असावं. त्यानं ग्लास उचलून पुन्हा खाली ठेवला.

"तसं नाई रे," तो म्हणाला. "कुंभाराचाच हायेस, म्हनून तर एवड्या लांब आलो. ऑफिसात भावाच्या अंगावर भाव आला तरच तो खरा मानतेत. तू नाई देल्ला, तर मी चोर ठरतो. उदारामाच्या कागदानं मले चोर म्हनलं, आता तुह्या चूप बसन्यानं म्हनतीन. खरा भाव दे. माह्यासाठी वाढवू नोको, सेठसाठी कमी करू नोको. हारलो, तर येतो ना तुह्या सेठच्या गोदामावर."

हेमेंद्रनं अटींचा कागद पुढं ओढला. टीन, खालून थंडाव्यासाठी छत, दहा वर्षं कुडव्याहून दुरुस्तीला येणं-जाणं, निघालेला पत्रा परत उचलून नेणं. एकेक रक्कम तो खाली मांडायला लागला. सेठ मागून डोकावला.

"अरे, छत काहे को पकड़ता है? खाली टीन का लिख, रेट गिर जाएगा."

"शर्त में लिखा है, सेठजी."

सेठनं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. "तेरा बाप, तेरा हिसाब," असं म्हणून तो गल्ल्याकडे गेला. जमुनाबाईला त्या क्षणी आपलं पोर फार मोठं झालेलं वाटलं, आणि चाक सोडून गेला म्हणून आपण इतकी वर्षं त्याच्यावर उगाच रुसलो असंही वाटलं.

लिफाफे शाळेच्या आवारात निंबाखाली फुटले. केशोराव स्वतः एसटीनं आले होते. नुसतं टीन असतं तर छोटेलाल हरला असता. छतासकट आणि दहा वर्षांसकट ते त्याच्या भावाच्या वर गेलं. सिमेंटवाल्यानं दुरुस्तीची अट सरळ खोडून टाकली होती. केशोरावांनी तिथंच मांडीवर फाईल घेऊन सगळं कारण आपल्या हातानं लिहिलं, पहिल्या पानावरच्या नियमाचा क्रमांक टाकला आणि खाली सही केली. सही करताना त्यांनी एक खोल श्वास घेतला, तो गिरजाबाईंनाही ऐकू गेला.

करारावर छोटेलालचा अंगठा घ्यायचा होता. शाईत बुडवून दाबला, तर कागदावर नुसता काळा ठिपका. पुसून पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"रेघाच उठत नाहीत की," केशोराव म्हणाले.

"मातीनं खाल्ल्या जी," छोटेलाल ओशाळून म्हणाला. चाळीस वर्षं चाकावर नळ्या उचलून अंगठा घासून गुळगुळीत झाला होता. केशोरावांनी तो ठिपका चालवून घेतला आणि बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

आभाळ भरून यायला लागलं होतं. भट्टी रचली, धानाचं तणस आणि शेण्या भरल्या, वरून ओली माती लिंपली आणि दिवस मावळताना आग दिली. मृगाला सहा दिवस होते. भट्टी निवून उघडली तेव्हा कवेलू लाल निघाली, टिचकी मारली की घंटीसारखी वाजणारी. हेमेंद्र रजा काढून आला. बाप वर, लेक मधे शिडीवर, आई खाली, अशी ती कवेलू हातोहात छपरावर गेली. गावातले पोवार कास्तकार पेरणी सोडून पाहायला यायचे. उदाराम आणि चैतराम दोघंही एक दिवस येऊन गेले. छोटेलालनं त्यांना ऑफिसातलं हसणं सांगितलं नाही. दोघांच्या कागदांनी मोठं काम केलं, असंच सांगितलं.

शेवटचे दोन दिवस छप्पर हेमेंद्रवर सोपवून छोटेलाल घरी चाकावरच होता. "तू शारेवर जा, इथं मी पाहतो," त्यानं जमुनाबाईला घालवून दिलं. लागत होती त्यापेक्षा जास्त कवेलू त्यानं केली, घरात वाळवली, मागून एका लहान भट्टीत भाजली आणि शाळेच्या मागच्या भिंतीला लावून रचली, आणि मोठ्या भट्टीतली उरलेली त्यांच्यावर ठेवली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दहा वर्सात जे फुटतीन, त्याच्यासाठी हाय ते." पाऊस आला तेव्हा शाळेत दुसरीचा वर्ग भरला होता. एक थेंब आत आला नाही.

कुडव्याची खोली सेठनं दुसऱ्या कुणाला दिली. दोन वर्षांनी ऑडिटवाला आला, फाईल उघडली, पहिल्या पानाचा क्रमांक पाहिला, चहा मागवला आणि पुढची फाईल घेतली. हे सांगायला केशोराव खास पळसटोल्याला आले होते, आणि जाताना एक माठ घेऊन गेले. जमुनाबाईनं आधी विचारलं, पाण्याला की लोणच्याला. दोघंही खूप हसली. किती साधी माणसं होती, आणि किती थोडक्यात आनंदी व्हायची, असं जमुनाबाईला आता वाटतं.

सहा वैशाख छोटेलालनं कवेलू फेरली. सहाव्या वेळी त्याला शिडीवर दोनदा थांबावं लागलं. त्याच दिवाळीला छातीनं दगा दिला आणि तो गेला. त्यानंतर दर वैशाखात हेमेंद्र कुडव्याहून मोटरसायकलवर यायचा, दोन दिवस रजा टाकून. फुटकी काढायचा, मागच्या रचलेल्या ढिगातून नवी घ्यायचा. चाक कुणी फिरवत नव्हतं, पण ढीग होता. वानरं उड्या मारायची, निंबाच्या फांद्या पडायच्या, कवेलू फुटायची, आणि ढीग वर्षावर्षाला खाली जायचा.

दहाव्या वैशाखात त्याचा सगळ्यात खालचा थर लागला. गवत आणि माती बाजूला करून जमुनाबाईनं पहिलं कवेलू उचललं, पदरानं पुसलं आणि सवयीनं पाठीवर तीन बोटं चाचपली. तीन बोटं नव्हती. मधोमध एकच ठसा होता, अंगठ्याचा. खोल दाबलेला, आणि आत रेघ एकही नाही. तिनं दुसरं उचललं, तिसरं उचललं. त्या थरातल्या प्रत्येकावर तो होता. कुंभाराच्या घरात खूण बाईची असते, पुरुषानं कधी करायची नसते. तिला शाळेवर घालवून देऊन तो गडी घरात एकटा बसून हे करत होता! दहा म्हणताना त्यानं तिच्याकडे का पाहिलं नव्हतं, ते तिला दहा वर्षांनी कळलं. तेवढी वर्षं आपण पुरणार नाही, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि रडली. कुणी पाहतं की नाही, याची तिनं पर्वा केली नाही.

हेमेंद्र शिडीवरून उतरून आला. त्यानंही अंगठा पाहिला. "आई, हे घरी नेऊ," तो म्हणाला. "वर तेवडी चार दुकानातून आनून टाकतो. हे फुटतीन."

जमुनाबाई उठली. पदरानं डोळे पुसले, त्याच पदरानं कवेलू पुन्हा एकदा पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"चढव," ती म्हणाली. "दहा वर्सं कुठं झाले आजून? मिरगाले होतीन."

हेमेंद्र शिडी चढला आणि ते कवेलू त्यानं आढ्याजवळ बसवलं, जिथं वारा आधी लागतो. मग खाली हात केला, आणि तिनं दुसरं दिलं.